बुवा आणि कुक

आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमधल्या एका खोलीत दर शनिवारी संध्याकाळी मुलांचं वाचनालय भरतं. दोन लोखंडी कपाटं, एक सतरंजी, चार ते आठ वयाची पंधरा-वीस मुलं आणि गोष्ट वाचून दाखवायला आळीपाळीने आम्ही तिघीजणी. गेल्या महिन्यात एका पुस्तकावरून पालकांच्या ग्रुपवर तीन दिवस जुंपली. पुस्तक मॉरिस सेंडाकचं, ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’. आमच्याकडे इंग्रजी प्रत आहे. मी चित्रं दाखवत दाखवत मराठीत सांगते. एका बाबांनी लिहिलं की मुलगा रात्री दोनदा दचकून उठला, खिडकीकडे बोट दाखवत होता. असली पुस्तकं मुळात ठेवताच कशाला? तासाभरात दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, कोवळ्या मनावर कायमचा परिणाम होतो. दुसऱ्याचं, आम्ही आजीकडून हडळी-मुंज्याच्या गोष्टी ऐकतच वाढलो, आमचं काय वाकडं झालं? तिसऱ्या दिवशी कुणीतरी मोबाइलवरच्या गेमचा विषय काढला आणि पुस्तक बाजूलाच राहिलं.

दोन्ही तट कच्चे आहेत. पहिल्याला भीती म्हणजे गोवर वाटतो: लागण होऊ द्यायची नाही, झालीच तर पुस्तक वेगळं ठेवायचं. दुसऱ्याकडे मुद्दा नाहीच, नुसती बढाई आहे. आपलं काय वाकडं झालं हे आपल्यालाच कसं कळणार? छड्या खाऊन मोठी झालेली माणसंही हेच सांगत आली आहेत, आणि तेवढ्यावरून आपण शाळेत छडी परत आणत नाही. चाळिशी उलटल्यावरही रात्री पाणी प्यायला उठली की वाटेतले सगळे दिवे लावत जाणारी एक बाई मला चांगली ठाऊक आहे. हा लेख तीच लिहिते आहे.

माझं म्हणणं असं, की पुस्तकात भीती किती आहे हे मोजण्याआधी तिची दोरी कुणाच्या हातात आहे ते बघावं. मुलाच्या हातात असेल तर तो खेळ असतो, मोठ्यांच्या हातात असेल तर धाक. थोडं घाबरवणारं आणि थोडं हसवणारं चांगलं चित्रपुस्तक ही दोरी मुलाच्या हातात देतं. म्हणून ते कपाटात हवं, तेही खालच्या खणात, मुलांचा हात पोचेल असं.

मराठी घरात या खेळाचा पहिला धडा पुस्तकाच्या कितीतरी आधी होतो. सात-आठ महिन्यांच्या बाळासमोर आपण पदराआड तोंड लपवतो, ‘बुऽऽवा’ असं लांबवतो आणि पदर सारून ‘कुक!’ म्हणतो. आई नाहीशी झाली त्या क्षणापुरता बाळाचा चेहरा कोरा पडतो, मग ते खदखदून हसतं. आणखी काही महिन्यांनी तेच हात पुढे करून पदर ओढतं. पुढे तर स्वतःच दुपट्यात तोंड खुपसून आपल्याला बुवा करतं. दोन वर्षांनी हाच बुवा जेवणाच्या ताटाशी येतो. ‘हा घास घे, नाहीतर बुवा येईल.’ या बुवापुढे कुक नसतो. पदर मोठ्यांच्या मुठीत, ओढायची सोय नाही. त्याचे भाऊबंदही पुष्कळ: पोलीस, सुई टोचणारे डॉक्टर, झोळीवाला, आणि हल्ली वॉचमनकाका. पुस्तकाविरुद्ध तावातावाने लिहिणाऱ्या एका आईला मी लिफ्टमध्ये ‘रडलास तर वॉचमनकाकांना देऊन टाकीन’ असं म्हणताना ऐकलंय. टोमणा मारत नाही. माझ्या मुलीला मीही असंच भरवलंय. पण मुलांच्या भीतीची आपल्याला एवढी काळजी आहे, तर बिचाऱ्या वॉचमनवर ही पाळी का येते?

हा दुसरा बुवा छापून निघाला की कसा दिसतो, त्याचा नमुना जर्मनीत सापडतो. १८४४च्या नाताळात फ्रँकफुर्टमधल्या हाइन्रिख हॉफमन या डॉक्टरला आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी मनासारखं पुस्तक मिळेना. त्याने कोरी वही आणली आणि स्वतःच चित्रं काढून कविता लिहिल्या. १८४५ साली त्या छापल्या गेल्या आणि ‘श्ट्रुवेलपेटर’ घराघरांत पोचलं. त्यात अंगठा चोखणाऱ्या कोनराडचे दोन्ही अंगठे एक शिंपी भल्यामोठ्या कात्रीने छाटून टाकतो. काड्यापेटीशी खेळणारी मुलगी जळून राख होते, तिची दोन मांजरं रडत बसतात. सूप नको म्हणणारा धष्टपुष्ट कास्पार पाचव्या दिवशी मरतो. ‘हा घास घे, नाहीतर’ याचं यमकबद्ध रूप दुसरं काय असणार? हॉफमन काही क्रूर नव्हता. आजारी मुलं रडायला लागली की तो त्यांच्याजवळ बसून चित्रं काढायचा आणि त्यांना शांत करायचा. पुस्तकात इतकी अतिशयोक्ती आहे की आज वाचताना हसू येतं, आणि त्या काळच्या मुलांनाही ते येत असणार. तरी कात्री शेवटपर्यंत मोठ्यांच्या बाजूने चालते, आणि कोनराडला पळायला एकही पान ठेवलेलं नाही.

याच्याशेजारी सेंडाकचं पुस्तक उघडून ठेवा. ते १९६३ साली अमेरिकेत निघालं, पुढच्या वर्षी त्याला चित्रपुस्तकांसाठीचं कॅल्डेकॉट पदक मिळालं. अख्ख्या पुस्तकात साडेतीनशे शब्दसुद्धा नाहीत. लांडग्याचा पोशाख घातलेला मॅक्स घरभर धुडगूस घालतो, काटा घेऊन कुत्र्यामागे धावतो. आई रागावते, तो उलट तिलाच खाऊन टाकायची धमकी देतो, मग त्याला उपाशी झोपायला पाठवतात. खोलीत झाडं उगवतात, समुद्र येतो, होडी येते. होडी पोचते तिथे पिवळ्या डोळ्यांचे, दातांचे, नखांचे थोरले प्राणी गर्जना करत असतात. मॅक्स पापणी न लववता त्यांच्या डोळ्यांत बघतो. ते गार पडतात आणि त्यालाच राजा करतात. मग तीन जोडपानं भरून नुसता दंगा, शब्द एकही नाही. माझी मुलं या तीन पानांवर सतरंजी सोडून उठतात आणि मी त्यांना उठू देते. दंगा संपल्यावर मॅक्स त्या प्राण्यांना काय करतो? उपाशी झोपायला पाठवतो! आपल्यावर आलेली शिक्षा तो आपल्याहून दसपट मोठ्यांवर उलटवतो, आणि इथे माझ्याकडची मुलं हमखास हसतात. मग त्याला एकटं वाटतं, कुठून तरी जेवणाचा वास येतो, तो परत निघतो. खोलीत ताट वाढून ठेवलेलं असतं, आणि ते अजून गरम असतं. हा शेवट ज्या पानावर येतो त्या पानावर चित्र नाही, नुसते शब्द आहेत.

हे पुस्तक मी वीस-पंचवीस वेळा तरी वाचून दाखवलं असेल. तरी पाच वर्षांच्या एका मुलीने दाखवेपर्यंत एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटलीच होती. मॅक्स कुत्र्यामागे धावतो त्या पानावर जिन्याजवळ भिंतीवर एक कागद लावलेला आहे. त्यावर एका राक्षसाचं चित्र, आणि चित्राखाली मॅक्सचं नाव. ‘म्हणजे त्यानेच काढलाय तो!’ ती म्हणाली. बरोबर आहे. पुढे ज्यांना भेटायचंय त्यांना मॅक्सने आधीच घरी कागदावर काढून ठेवलंय. चित्रांचे आकारही असेच हिशेबाने वाढतात. पहिलं चित्र मोठ्या पांढऱ्या समासात लहानसं, मग पानागणिक वाढत वाढत दंग्याच्या वेळी कागदाच्या चारी कडांना जाऊन भिडतं, आणि परतीच्या वाटेवर पुन्हा आक्रसतं. रेडिओचा आवाज कुणीतरी हळूहळू वाढवावा आणि तसाच कमी करावा, तसं. लहान मुलाला भीती कशी झेपते याचा इतका बारीक विचार किती संस्कारकथांमध्ये असतो?

हे प्राणी आले कुठून? सेंडाक ब्रुकलिनमध्ये वाढला, पोलंडहून आलेल्या ज्यू स्थलांतरितांच्या घरात. रविवारी जेवायला येणारे काका, मावश्या, आत्या गालगुच्चे घेत, पिवळे दात दाखवत, ‘खाऊनच टाकते तुला’ म्हणत. त्यांचेच चेहरे त्याने राक्षसांना दिले, असं तो सांगायचा. हे वाचून मला माझ्या मावशीची आठवण झाली. ‘कित्ती गोड गं, खाऊन टाकावंसं वाटतं’ हे वाक्य ज्याच्यावर झुकून कुणी म्हटलं नाही असं मराठी बाळ असेल का? बाळाच्या जागी बसून बघा: एक प्रचंड तोंड जवळ येतंय आणि खाण्याची भाषा करतंय. पुस्तकात निरोपाच्या वेळी राक्षसही मॅक्सला हेच सांगतात, की जाऊ नकोस, आमचा तुझ्यावर इतका जीव आहे की तुला खाऊनच टाकू. माया आणि धास्ती एकाच तोंडातून येतात हे मुलाला, बोलता येत नसतं तेव्हापासून, ठाऊक असतं.

आमच्या ग्रुपवरची दुसरी तक्रार ‘आई मुलाला उपाशी झोपवते, हा कसला संस्कार’ अशी होती, आणि ती नवी नाही. १९६९ साली ब्रूनो बेटलहाइम या नावाजलेल्या बालमानसतज्ज्ञाने अमेरिकेतल्या एका महिला मासिकातल्या आपल्या सदरात याच पुस्तकावर टीका केली. जी आई पहिला घास देते तिनेच उपाशी ठेवायचं, ही मुलाची सगळ्यात खोल धास्ती आहे आणि ती लेखकाला उमगलेली नाही, असा त्याचा रोख होता. त्याने स्वतः पुस्तक वाचलेलं नव्हतं; मातांनी जे सांगितलं त्यावरच तो बोलला होता. वाचलं असतं तर शेवटचं गरम ताट त्याला दिसलं असतं. पुढे १९७६ साली याच बेटलहाइमने परीकथांवर जाडजूड पुस्तक लिहिलं. परीकथांमधल्या चेटकिणी, लांडगे आणि सावत्र आया मुलांच्या मनाला आवश्यक असतात, असं त्यात हिरिरीने मांडलेलं आहे. पुस्तक न वाचता मत देण्याची सोय फक्त आपल्या ग्रुपवर आहे असं समजू नये.

पण बेटलहाइमचा त्याच परीकथांच्या पुस्तकातला एक आक्षेप मला गंभीर वाटतो, आणि आमच्या ग्रुपवर तो कुणीच मांडला नाही. तोंडी गोष्टीत राक्षस मूल स्वतः रंगवतं, झेपेल तेवढाच. चित्र आलं की राक्षसाचा आकार चित्रकार ठरवतो. आमच्या आजीची म्हातारी भोपळ्यात बसून टुणूक टुणूक निघायची, वाटेत वाघ आडवा यायचा. ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन’ सुरू झालं की माझा वाघ आमच्या गल्लीतल्या बोक्याहून फार मोठा नसायचा. बंगालपासून इराणपर्यंत ही म्हातारी भोपळ्यातून फिरून आली आहे, आणि तिला कुठेच चित्राची गरज पडलेली नाही. मग चित्रातला वाघ सगळ्यांना एकाच मापाचा देणं हा अन्याय नाही का?

काही चित्रांच्या बाबतीत आहे. पण चित्राला कडा असतात, अंधाराला नसतात. आमच्या पिढीला ‘चांदोबा’तलं विक्रम-वेताळाचं चित्र विसरता येणार नाही: राजाच्या हातात तलवार, खांद्यावर प्रेत. पहिल्यांदा अंक पालथा घालून ठेवला होता. दर महिन्याला तो वेताळ तिथेच भेटायचा, तसाच लोंबकळत, आणि सहाव्या महिन्यापर्यंत तो ओळखीचा झाला होता, जसा गल्लीतला भुंकणारा पण न चावणारा कुत्रा. शिवाय चित्रकाराच्या हाताशी एक अवजार असतं जे अंधाराकडे नसतं, ते म्हणजे थट्टा. बंगाली लेखक सुकुमार राय यांचं ‘आबोल ताबोल’ हे मुलांच्या कवितांचं पुस्तक १९२३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर नऊच दिवसांनी प्रसिद्ध झालं. त्यातल्या एका कवितेत एक अक्राळविक्राळ प्राणी समोरच्याला परोपरीने समजावतो, की घाबरू नकोस, मी मारणार नाही, हातात सोटा आहे खरा पण तो इतका हलका आहे की लागायचासुद्धा नाही. शेवटी वैतागून सांगतो, की मी आहे, बायको आहे, नऊ मुलगे आहेत. उगाच असा घाबरत राहिलास तर सगळे मिळून चावू. चित्रही सुकुमारबाबूंनीच काढलेलं. या प्राण्याला भ्यायचं की हसायचं? मुलं दोन्ही करतात, एका दमात.

दुसरा आक्षेप अधिक कठीण. ‘अगं, राक्षस खरा नसतो’ हे मुलाला समजलं तरी भीती जात नाही. पॉल हॅरिस हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली याचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. चार ते सहा वर्षांच्या मुलांना रिकामी पेटी दाखवून, आत एक राक्षस आहे अशी नुसती कल्पना करायला सांगितलं. आत खरं काही नाही हे मुलं नीट सांगत होती. तरी प्रयोग घेणारी व्यक्ती खोलीबाहेर जायला निघाल्यावर लहानग्यांपैकी काहींनी तिला जाऊच दिलं नाही. तेव्हा आमच्या ग्रुपवरच्या बाबांचा मुलगा रात्री उठला यात नवल नाही, आणि ‘खोटं आहे रे ते’ म्हणून त्याची समजूतही पटणार नव्हती. हे मी मान्य करते. पण त्याच प्रयोगात पुढे काय झालं? एकटी राहिल्यावर काही मुलांनी पेटीला हात लावला, उघडून बघितलं. पेटी समोर होती आणि झाकण त्यांच्या हाताला लागत होतं, म्हणून बघता आलं. पुस्तक ही अशीच झाकण असलेली पेटी आहे. टीव्हीवरचा राक्षस आपल्या वेगाने येतो. पान मात्र मूल उलटेपर्यंत उलटत नाही. चार वर्षांची एक मुलगी आमच्याकडे राक्षसाच्या पानावर आधी दोन्ही पंजे पसरून ठेवते. मग एकेक बोट उचलते. आज डोळे, पुढच्या शनिवारी दात. तिचा हा कार्यक्रम महिनाभर चालला होता आणि घाई केलेली तिला मुळीच खपत नव्हती.

तिसरा आक्षेप माझ्या एका मैत्रिणीचा. ती गेली पंधरा वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करते. ती म्हणते, ज्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा व्हायला २०१३ साल आणि नरेंद्र दाभोलकरांचा खून व्हावा लागला, ज्या राज्यात नंदुरबारच्या पाड्यांवर बायकांना डाकीण ठरवून अजून छळतात, तिथे मुलांना भुताखेतांचा लळा लावायचा? याला हसून उत्तर देता येत नाही. माझा अनुभव एवढाच, की मूल विश्वास ठेवायला शिकतं ते मोठी माणसं जे गंभीर चेहऱ्याने करतात त्यावरून. दृष्ट काढताना मीठ-मोहरी चुलीत तडतडते तेव्हा कुणी हसत नाही. बाळाच्या मनगटावर काळा दोरा बांधताना कुणी ‘चला, गंमत करू’ म्हणत नाही. गोष्टीतला राक्षस आपण डोळे मिचकावत आणतो, आणि मूल ते मिचकावणं अचूक टिपतं. काही पुस्तकं तर भीती बनवतात कशी, हेच उघड करून दाखवतात. ‘द ग्रफेलो’ या १९९९च्या इंग्रजी पुस्तकातला उंदीर स्वतःचा जीव वाचवायला एक राक्षस अवयव जोडजोडून रचतो आणि कोल्हा, घुबड, साप यांना पिटाळून लावतो. मग रचलेला राक्षस खरोखरच समोर उभा राहतो, तेव्हा उंदीर त्यालाही आपल्याच नावाने घाबरवतो. वाघाच्या पुढे चालून जंगलभर दरारा बसवणाऱ्या कोल्ह्याची जुनी चिनी कथा या पुस्तकामागे आहे. कुणाच्या तरी फायद्यासाठी भीती रचली जाते, हा धडा चार वर्षांच्या मुलाला याहून सोप्या भाषेत कोण देणार? मैत्रिणीला हे पटलं. चेटकिणीवर मात्र ती अडून बसली, आणि तिथे मीही अडखळते. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तल्या चिंची चेटकिणीवर माझा जीव आहे, आधी दिलीप प्रभावळकर आणि पुढे वैभव मांगले अशा पुरुष नटांनीच ती गाजवली, त्यामुळे ते सोंग आहे हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही कळतं. तरी वाकड्या नाकाची, एकटी राहणारी म्हातारी बाई म्हणजे वाईट, हे चित्र निरागस नाही. शिंगांचा, केसाळ, कुठल्याच गावात न राहणारा राक्षस मला त्यापेक्षा केव्हाही बरा वाटतो.

घाबरून बंदी घालायची ही खोड मात्र जुनी आणि सगळीकडची. अमेरिकेत १९५४ साली चित्रकथांविरुद्ध काहूर उठलं, सिनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि प्रकाशकांनी स्वतःवरच एक संहिता लादून घेतली: शीर्षकात भय किंवा दहशत असा शब्द नको, चालती प्रेतं नकोत, माणूस-लांडगे नकोत. त्या चित्रकथांतल्या काही खरोखर किळसवाण्या होत्या, हेही खरं. पण ज्या फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाच्या पुस्तकामुळे हे सगळं पेटलं, त्याने आपल्या नोंदींमध्ये सोयीस्कर फेरफार केल्याचं २०१२ साली त्याचीच कागदपत्रं तपासताना उघड झालं. ब्रिटनने १९५५ साली कायदा केला, आणि आपण मागे राहतो की काय म्हणून १९५६ साली भारतानेही ‘यंग पर्सन्स (हार्मफुल पब्लिकेशन्स) ॲक्ट’ केला. त्यात ‘यंग पर्सन’ म्हणजे वीस वर्षांखालची व्यक्ती! एकोणीस वर्षांच्या जवानाला सरहद्दीवर उभं करता येईल, पण भयकथेची चित्रं त्याच्या नजरेला पडता कामा नयेत.

सोव्हिएत रशियात हेच वेगळ्या कारणाने झालं. तिथल्या शिक्षणतज्ज्ञांना भुतं नको होती, कारण ती खरी नाहीत. १९२८ साली लेनिनच्या पत्नी क्रुप्स्काया यांनी ‘प्रावदा’ या वृत्तपत्रात कर्नेई चुकोव्स्की या बालकवीच्या मगरीच्या कवितेवर कोरडे ओढले. चुकोव्स्कीने मुलांच्या भाषेवरच्या आपल्या पुस्तकात त्या काळच्या दोन हकिकती लिहून ठेवल्या आहेत. क्रिमियात अलुप्का इथे हाडांच्या क्षयाने खिळलेल्या मुलांना तो बॅरन मुंचहाउसेनच्या थापा वाचून दाखवत होता. मुलं खिदळत होती, तेवढ्यात एक शिक्षिका धावत येऊन त्याच्यावर उखडली. दुसरी हकिकत त्याहून बोलकी. बालविकासाचा अभ्यास करणाऱ्या एका आईने आपल्या मुलाला एकही अद्भुत गोष्ट ऐकवायची नाही असं ठरवलं आणि त्याची रोजनिशी ठेवली. मुलाने स्वतःच सुरुवात केली. खोलीत लाल हत्ती राहायला आला. कोरा नावाची अस्वलीण मैत्रीण झाली. त्या खुर्चीवर बसू नका, ती बसली आहे. आई चालू लागली की तो ओरडायचा, तिकडे लांडगे उभे आहेत! खाऊच्या डब्याला कुलूप लावलं आणि पोराने स्वयंपाकच सुरू केला, अशातला प्रकार. विशेष म्हणजे ही रोजनिशी त्या आईनेच प्रसिद्ध केली आणि पुढे ती स्वतः परीकथांच्या बाजूला आली.

आपल्याकडे कायदे लागत नाहीत. आपल्याकडे बोध हा पहारेकरी पुरेसा असतो. विंदा करंदीकरांनी पिशीमावशीची भुतावळ मुलांसाठी लिहिली, मतकरींनी राक्षस आणि चेटकिणी रंगमंचावर नाचवल्या, म्हणजे परंपरा नाही असं नाही. पण दुकानात जाऊन तीन ते सहा वयोगटाची मराठी चित्रपुस्तकं चाळा. राक्षस असलाच तर तो शाकाहारी निघतो, त्याला फक्त मित्र हवा असतो, शेवटच्या पानावर तो दात घासतो. मला हा राक्षस हॉफमनच्या शिंप्याइतकाच खोटा वाटतो. ज्याला दातच नाहीत त्याच्या डोळ्यांत पापणी न लववता बघण्यात कसली मर्दुमकी? ताट गरम असण्याची किंमत कळायला आधी थोडं उपाशी निघावं लागतं.

ग्रुपवर अखेर तडजोड झाली, पुस्तक वरच्या खणात गेलं. मी विरोध केला, हरले. तक्रार करणारे बाबा पुढच्या शनिवारी मुलाला घेऊन आले. मुलगा सरळ कपाटाशी गेला आणि वर बोट दाखवलं. मी पुस्तक काढून दिलं. त्याने ते न उघडता सतरंजीवर ठेवलं आणि त्याच्यावर चक्क बसला. दुसऱ्या पुस्तकाची गोष्ट होईपर्यंत, म्हणजे वीसेक मिनिटं, जागचा हलला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी पुस्तक मांडीवर घेऊन त्याने मला विचारलं, ‘ते अजून आत आहेत?’

‘बघू या?’

‘तू सांग. पान मी उलटणार.’

राक्षसांचं पान आलं. त्याने ते फाडकन मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं. चौथ्या वेळी उघडंच ठेवलं आणि एका नखावर बोट टेकवलं. बाबा दाराशी उभे होते, चपला अजून हातातच.